मुहूर्ताआधीचा चेहरा : लग्नातील व्यक्तिचित्रे कशी टिपावीत

लग्नाच्या दिवशी एखादा छायाचित्रकार सहज दोन-तीन हजार छायाचित्रे काढतो. पण पाच-दहा वर्षांनी त्या घराच्या बैठकीत जाऊन पाहिले, तर भिंतीवर दोन किंवा तीनच लावलेली असतात, आणि त्यांत सप्तपदी किंवा लाजाहोम क्वचितच असतो. तिथे असतो नवरीचा नीट उजेडातला एक चेहरा, दोघांचे एकत्र एक छायाचित्र आणि घरचे लोक हळवे असतील, तर त्या दिवशी नटून बसलेली आजी. व्यक्तिचित्राचे हे महत्त्व सर्वांनाच मान्य असते, तरीही प्रत्यक्ष लग्नात त्यासाठी वेळ कोणीच राखून ठेवत नाही. गुरुजींना मुहूर्त गाठायचा असतो, आचाऱ्याला पंगत बसवायची असते, आणि नवरीच्या मामाला दर पाच मिनिटांनी कोणीतरी शोधत असते.

म्हणून आधीच हे मान्य करून कामाला लागावे की लग्नात चेहरा मिळतो तो विधींच्या मधल्या फटींत. या फटी कोणत्या, त्या किती मिनिटांच्या आणि त्या वेळी उजेड कोठून येणार, हे ज्याने आधी हेरून ठेवले आहे, त्याला साध्या कॅमेऱ्यानेही चांगले काम करता येते. ज्याने ते हेरलेले नाही, त्याची महागडी लेन्स स्टेजवरची गर्दी अधिक स्पष्ट दाखवते, इतकेच. पुढील मार्गदर्शन नाशिक आणि परिसरात लग्नांची कामे नुकतीच घेऊ लागलेल्या, कॅमेऱ्याची प्राथमिक ओळख असलेल्या छायाचित्रकारांसाठी आहे.

जागा आणि वेळ

नाशिकमधील बहुतेक मोठी लग्ने आता गंगापूर रोड, छत्रपती संभाजीनगर रोड, पाथर्डी फाटा या बाजूंच्या लॉन्सवर होतात. शहरातील मंगल कार्यालयेही अजून भरलेली असतात. दोन्हीकडे उजेडाची अडचण निराळी असते. कार्यालयात छत असते, ट्यूबलाइट असतात आणि खिडक्या असल्या तरी त्यांवर जाड पडदे असतात. लॉन्सवर दुपारी डोक्यावरचे ऊन आणि रात्री रंगीत एलईडी यांखेरीज फारसे काही नसते. म्हणून लग्नाच्या दोन-चार दिवस आधी, शक्य तो मुहूर्ताच्याच वेळेला, जागेवर एक चक्कर मारून यावी. स्टेज तेव्हा उभे नसणारच, त्यामुळे त्याची चिंता करू नये. वधूची खोली कोणती, तिची खिडकी कोणत्या दिशेला उघडते आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे की मोकळे आकाश, हे पाहावे. उत्तरेच्या खिडकीतून हिवाळ्यात थेट ऊन मुळीच येत नाही आणि दिवसभर एकसारखा मऊ उजेड मिळतो. पश्चिमेच्या खिडकीला दुपारनंतर पातळ पांढरा पडदा हवा असतो. तो कार्यालयात कधीच नसतो, म्हणून धुतलेल्या पांढऱ्या धोतराचा एक तुकडा आणि चार चिमटे बॅगेत ठेवावेत. दोनशे रुपयांच्या या सामानाने जे काम होते, ते पुष्कळदा फ्लॅशचा उजेड मऊ करणाऱ्या मोठ्या सॉफ्टबॉक्सनेही होत नाही.

पत्रिकेवरची मुहूर्ताची वेळ उजेडाच्या हिशेबाने वाचायला शिकले पाहिजे. नाशिकला डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या सुमारास. गोरज मुहूर्त सहा वाजून काही मिनिटांचा असेल, तर हिवाळ्यात मंगलाष्टके संपेपर्यंत अंधार पडलेला असतो आणि उन्हाळ्यात त्याच वेळी लॉन्सवर तिरपे, पिवळसर ऊन शिल्लक असते. शिवाय आपल्याकडे मुहूर्ताआधी मान्यवरांची शुभेच्छापर भाषणे होतात, आणि पुढारी जितका मोठा तितका मुहूर्त पुढे सरकतो, हे जिल्ह्यातील कोणत्याही वऱ्हाडीला सांगावे लागत नाही. छायाचित्रकाराने या भाषणांना कंटाळू नये. सगळा मांडव माइककडे पाहत असतो तेव्हा नवरी आतल्या खोलीत तयार होऊन बसलेली असते आणि तिला कोणी हाका मारत नसते. दिवसातली सर्वांत निवांत पंधरा-वीस मिनिटे हीच.

ती हाती लागावीत यासाठी पार्लरच्या ताईंशी आधीच बोलून ठेवावे. मेकअप, केस, गजरे आणि दागिने मुहूर्ताच्या तासभर आधी पूर्ण व्हावेत, असे त्यांना दोन दिवस अगोदर सांगितले तर त्या सहसा ऐकतात; त्यांच्या कामाची चांगली छायाचित्रे त्यांनाही हवीच असतात. ऐनवेळी खोलीच्या दारात उभे राहून घाई करणाऱ्याचे मात्र कोणीही ऐकत नाही.

गौरीहर

मराठी लग्नात व्यक्तिचित्रासाठी आयती तयार असलेली एक जागा आहे, ती म्हणजे गौरीहर. अष्टपुत्री नेसलेली नवरी पाटावर बसून समोरच्या अन्नपूर्णेवर अक्षता वाहत असते. तिने कॅमेऱ्याकडे पाहावे अशी कोणाची अपेक्षा नसते, हात कामात असल्यामुळे ते कुठे ठेवावेत हा प्रश्न उरत नाही, आणि नजर खाली असल्यामुळे पापण्यांची रेघ स्पष्ट दिसते. इतकी जमून आलेली गोष्ट खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, ट्यूबलाइटखाली मांडलेली असते, एवढीच काय ती अडचण.

पूजा मांडली जाण्यापूर्वी खोलीत जावे आणि गुरुजींना किंवा घरातल्या मोठ्या बाईंना विनंती करावी : ‘काकू, चौरंग हातभर खिडकीकडे घेतला तर चालेल का? दिशा तीच राहील.’ दिशा बदलत नसेल तर नकार फारसा येत नाही. खिडकी नवरीच्या बाजूला, साधारण डाव्या खांद्याच्या थोडी पुढे यावी. मग ट्यूबलाइट बंद करावी. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा हिरवट पांढरा उजेड एकाच गालावर मिसळले की कातडीचा रंग संगणकावर कितीही खटपट केली तरी जुळत नाही. खोली एकदम काळोखी वाटते, बायका कुरकुर करतात, पण डोळे सरावले की कुरकुर थांबते. समईचा उजेड राहू द्यावा. तो पिवळा असला तरी इतका क्षीण असतो की हनुवटीखाली आणि हातांवर थोडी ऊब देऊन जातो.

आता स्वतः जमिनीवर बसावे. पाटावर बसलेल्या नवरीचे उभ्याने छायाचित्र काढले, तर कपाळ मोठे, हनुवटी लहान आणि मागे सतरंजीवरच्या चपला असे चित्र मिळते. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा बोटभर खाली हवा. खिडकीपासून दूरच्या गालावर सावली फार गडद वाटत असेल, तर करवलीच्या हातात उजेड परतवणारा पांढरा रिफ्लेक्टर द्यावा आणि तिला हळूहळू जवळ यायला सांगावे. सावली पुसून टाकायची नसते, फक्त तिच्यात गाल दिसू लागला पाहिजे. उजेडाचे मोजमाप गालावर घ्यावे, पिवळ्या साडीवर घेऊ नये. दिवसा अशा खोलीत छिद्र एफ/२.८, शटर १/२०० आणि आयएसओ ८०० ते १६०० च्या आसपास काम होते. कॅमेऱ्यात आवाजविरहित शटर असेल तर ते येथे वापरावे, कारण ट्यूबलाइट बंद असल्यामुळे पट्टे पडण्याची भीती नसते.

यानंतर वाट पाहावी. मूठभर तांदूळ संपले की नवरी पुढची मूठ घेण्यासाठी वळते आणि क्षणभर चेहरा खिडकीसमोर येतो. आई पदर सारखा करायला वाकली की ती वर पाहते. बाहेरून ‘मुलीला बोलवा’ अशी हाक आली की तिचे हात थांबतात. या तीन जागा बहुतेक प्रत्येक लग्नात येतात. दोन-तीन छायाचित्रे घेऊन थांबावे. सतत बटण दाबत राहणाऱ्या माणसासमोर कोणीही निर्धास्त बसू शकत नाही.

नथ, मुंडावळ्या आणि फेटा

व्यक्तिचित्रणाचे सर्वसाधारण नियम कोठेही शिकता येतात. मराठी नवरा-नवरीच्या चेहऱ्यासमोर जी तीन आभूषणे येतात, त्यांचे नियम मात्र काम करतानाच कळतात.

नथ बहुधा डाव्या नाकपुडीत असते. त्यामुळे उजव्या बाजूने पूर्ण पार्श्वदर्शन घेतले, तर नथ नाकाआड जाते आणि चेहरा ओळखीचा असूनही अपुरा वाटतो. तीनचतुर्थांश चेहरा घ्यायचा असेल तेव्हा डावा गाल कॅमेऱ्याकडे येईल असे वळवावे. नथीचे मोती ओठावर सावली टाकतात. उजेड वरून येत असेल तर ती सावली मिशीसारखी दिसते, आणि हे छोट्या स्क्रीनवर लक्षात येत नाही. उपाय सोपा आहे : ‘ताई, हनुवटी जरा वर,’ एवढे म्हणावे, किंवा उजेड खाली आणावा. जवळून छत्तीस-चाळीस मिलिमीटरच्या लेन्सने चेहरा घेतला तर नाक आणि नथ दोन्ही फुगतात, म्हणून चेहऱ्यासाठी दोन मीटर अंतर आणि त्याला साजेशी लेन्स हवी. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स दोन मीटरवरून उभ्या चौकटीत डोक्यापासून कमरेपर्यंतचा भाग घेते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर साधी, स्वस्त ५० मिलिमीटरची लेन्स जवळपास तेच काम करते.

मुंडावळ्या स्वयंचलित फोकसला चकवतात. मोत्यांच्या त्या लडी डोळ्यांपासून दोन बोटांवर लोंबत असतात, आणि नवरी हलली की कॅमेरा डोळा सोडून मोत्यावर जातो. नव्या कॅमेऱ्यांतील डोळा ओळखणारा फोकसदेखील येथे अधूनमधून फसतो. ८५ मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/१.८ ला, दोन मीटरवरून, स्पष्टतेची खोली, म्हणजे जेवढ्या अंतरातले सगळे स्पष्ट दिसते ती, जेमतेम सहा सेंटिमीटर असते. म्हणजे फोकस मोत्यावर गेला की डोळे मऊ पडलेच म्हणून समजावे. एफ/२.८ ला ही खोली नऊ-दहा सेंटिमीटर होते आणि मुंडावळी, डोळा, नथ ही तिन्ही त्यात मावतात. पार्श्वभूमी धुरकट करण्याच्या हौसेपायी एफ/१.४ वर सगळे लग्न उरकणाऱ्यांचे काम मोठ्या प्रिंटमध्ये उघडे पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. दोघांचे एकत्र छायाचित्र असेल तर एफ/४ पर्यंत जावे आणि दोन्ही चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर आहेत, हे पाहावे.

फेट्याचा प्रश्न सावलीचा असतो. फेटा कपाळावर पुढे आलेला असतो आणि डोक्यावरच्या दिव्यांमुळे नवऱ्याचे डोळे दोन काळ्या खळग्यांसारखे दिसतात. त्याला मांडवाच्या मधोमध उभे न करता कडेला, उजेडाकडे तोंड करून उभे करावे, आणि चौकटीत तुऱ्यासाठी वर जागा सोडावी. तुरा अर्धा कापलेला फेटा फार वाईट दिसतो. नवऱ्याच्या एकट्याच्या छायाचित्रांकडे एकूणच दुर्लक्ष होते. वरपक्षाच्या खोलीत दहा मिनिटे मागून घ्यावीत, मित्रांना बाहेर घालवावे, पण एकाला ठेवावे. त्याच्याशी बोलताना नवऱ्याचा चेहरा सैल होतो.

हळद

हळदीच्या कार्यक्रमात सगळेच पिवळे असते : साड्या, झेंडूच्या माळा, वरचे कापड आणि शेवटी चेहराही. कॅमेऱ्याचे रंगसंतुलन ऑटोवर असेल, तर तो या पिवळेपणाला दोष समजून निळसर करतो आणि दर छायाचित्रात कातडीचा रंग बदलतो. ते ५५०० केल्व्हिनच्या आसपास कायम ठेवावे आणि कच्च्या स्वरूपातील फाइल, म्हणजे रॉ, घ्यावी. मांडवाचे कापड गडद पिवळे असेल तर नवरीला कापडाच्या कडेला, जिथे आकाशाचा पांढरा उजेड पोहोचतो तिथे बसवायला सांगावे. बसवल्यानंतर पाट हलत नाही, म्हणून हे आधी सांगावे.

उत्तम छायाचित्र हळद लावतानापेक्षा हळद लावून झाल्यावर मिळते. बायका उठून गेलेल्या असतात, नवरी ओल्या हळदीने माखून आंघोळीच्या पाण्याची वाट पाहत असते, आणि चेहऱ्यावर थकवा व हसू दोन्ही असते. लेन्सला पुढे साधा काचेचा फिल्टर आणि हूड लावलेला असावा. हळदीचा हात लेन्सवर पडला की कोरड्या कापडाने पुसू नये, आधी फुंकणीने कण उडवावेत. मंगलाष्टकांच्या वेळी अक्षतांसाठीही तोच हूड उपयोगी पडतो.

लॉन्सवरची रात्र

कार्यालयात फ्लॅश छतावर मारून मऊ उजेड मिळवता येतो, पण छत पांढरे असेल तरच. लाल-केशरी कापड लावलेल्या छतावर मारलेला फ्लॅश खाली लाल होऊनच उतरतो. लॉन्सवर छतच नसते. अशा वेळी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ समोरून मारण्याची सवय सोडून द्यावी. समोरून आलेल्या उजेडात नाक चपटे होते, सोन्याच्या दागिन्यांवर पांढरे डाग पडतात आणि मागचे सगळे काळे होते. त्याऐवजी फ्लॅश स्टँडवर किंवा सहकाऱ्याच्या हातात, पांढऱ्या छत्रीसह, चेहऱ्याच्या एका बाजूला साधारण पंचेचाळीस अंशांवर आणि डोक्याच्या थोडा वर धरावा, आणि तो दुरून पेटवणाऱ्या ट्रिगरने चालवावा. दूरच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक लहान त्रिकोण उरला की दिवा बरोबर जागी आहे असे समजावे. चित्रकार रेम्ब्रांटच्या नावाने ओळखली जाणारी प्रकाशयोजना ती हीच. शटर १/२०० च्या वर नेताना आपल्या कॅमेऱ्याची फ्लॅशशी जुळणारी मर्यादा पाहावी, नाहीतर चौकटीत काळी पट्टी येते. मागची रोषणाई दिसावी म्हणून शटर कमी करून १/६० पर्यंत आणता येते. चेहरा फ्लॅशच्या झोतात गोठतो आणि मागचे दिवे उजळतात.

स्टेजवरचे हॅलोजन पिवळे असतील तर फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी, लावावी, म्हणजे चेहरा आणि मागचा उजेड एका रंगाचे होतात. खरा त्रास जांभळ्या-गुलाबी एलईडीचा आहे. अशा एकरंगी झोतात कातडीचे बाकीचे रंग मुळात नोंदलेच जात नाहीत, म्हणून नंतर संगणकावर ते परत आणता येत नाहीत. लाइटवाल्याशी सुरुवातीलाच ओळख करून घ्यावी आणि व्यक्तिचित्रांच्या वेळी म्हणावे, ‘दादा, पाच मिनिटे स्टेजचे पार लाइट पांढऱ्यावर ठेवा.’ तो ठेवतो. एलईडी आणि ट्यूबलाइटमुळे छायाचित्रात आडवे पट्टे दिसू लागले, तर कारण विजेच्या वारंवारतेत आहे : आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणावे आणि आवाजविरहित शटर बंद करावे. मोठ्या एलईडी पडद्याचे गणित निराळे असते, त्याच्यापासून नवरा-नवरीला शक्य तितके पुढे आणणे हाच व्यवहार्य मार्ग.

आजी, आई आणि बाकीचे

गटाच्या छायाचित्रांवर फार लिहिण्याची गरज नाही. दोन ओळी असतील तर एफ/५.६ ते एफ/८, लेन्स ३५ किंवा ५० मिलिमीटर, आणि कडेला कोणी जाड दिसू नये म्हणून चौकटीच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा. घरातल्या एखाद्या खणखणीत आवाजाच्या काकांकडे यादी द्यावी आणि नावे त्यांनाच पुकारू द्यावीत.

आजी-आजोबांचे काम मात्र वेगळे आणि स्वतंत्र आहे. आजींना गटात शेवटी उभे केले जाते तोपर्यंत त्या थकलेल्या असतात, गजरा सुकलेला असतो आणि जेवण झाल्यावर डोळे जड होतात. सीमांतपूजन किंवा सकाळच्या चहानंतर, पैठणी नेसून त्या खुर्चीत बसल्या की लगेच त्यांच्याकडे जावे. खुर्ची दाराच्या उजेडाकडे वळवावी. त्यांना उठवू नये. चष्म्यावर दिव्याचे प्रतिबिंब येत असेल तर चष्म्याच्या काड्या कानामागे किंचित उचलाव्यात, काच खाली झुकते आणि चमक नाहीशी होते. चष्मा काढायला सांगू नये. घरच्यांना त्यांचा चेहरा चष्म्यासहच ओळखीचा असतो. ‘हसा’ म्हटल्यावर बहुतेक आज्या ओठ मिटून घेतात, दात नसल्याच्या संकोचाने. त्याऐवजी विचारावे, ‘आजी, तुमच्या लग्नात फोटोवाला होता का?’ आणि उत्तर ऐकता ऐकता छायाचित्र घ्यावे. हातही घ्यावेत, बांगड्यांसह, मांडीवर ठेवलेले.

नवरीच्या आईचे छायाचित्र पाठवणीपर्यंत राखून ठेवण्याचा प्रघात आहे. रडतानाचा चेहरा पुष्कळांना अल्बममध्ये हवा असतो, पण तो एकच असेल तर त्या बाईंवर अन्याय होतो, कारण दिवसभर त्याच सगळ्यांत नीटनेटक्या होत्या. सकाळी रुखवत मांडताना त्यांना गाठावे. तिथे त्यांना कौतुक ऐकायचे असते आणि चेहराही तसाच असतो. पाठवणीच्या वेळी मात्र लांब लेन्स लावून, ७० ते २०० मिलिमीटरची असल्यास उत्तम, चार-पाच मीटर मागे उभे राहावे आणि फ्लॅश बंद ठेवावा.

लॉन्सबाहेर

दोघांचे निवांत छायाचित्र लग्नाच्या दिवशी जमणार नसेल तर आधी किंवा नंतर एक सकाळ ठरवावी. गोदाघाटावर जायचे तर सूर्योदयालाच पोहोचावे. ऊन पंचवटीच्या बाजूने येते आणि पहिला तास-दीड तास मऊ असते, त्यानंतर रामकुंडावर भाविकांची आणि विधींची गर्दी होते, आणि दशक्रियेला बसलेल्या कुटुंबाशेजारी शालू-फेट्यात उभे राहणे कोणालाच शोभत नाही. पांडवलेण्यांचा काळा दगड आणि पायऱ्या पार्श्वभूमीला छान. मात्र लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असल्याने स्टँड-दिवे लावून काम करायचे तर आधी परवानगी घ्यावी लागते. त्याच डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्याला छायाचित्रणाचा स्टुडिओ चालवला होता, हे तेथे छायाचित्रे काढणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

माझी स्वतःची पसंती जुन्या नाशिकमधील वाड्यांना आहे. चौकात वरून आकाशाचा उजेड उतरतो, आणि ओसरीच्या कडेवर, लाकडी खांबाशेजारी, चौकाकडे तोंड करून उभे केले की चेहऱ्याला भर दुपारीही सावलीतला एकसारखा उजेड मिळतो. हात खांबावर ठेवता येतो, त्यामुळे संकोच कमी होतो. बरेच वाडे मोडकळीस आले आहेत, म्हणून मालकांची परवानगी घेऊन, जिना आणि माडी टाळून, खालीच काम करावे.

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांना सध्या मोठी मागणी आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाग काही काळ उघडी दिसते. हिवाळ्यात ती भरते आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान घड तयार होऊन काढणी होते. एप्रिलच्या छाटणीनंतर पुन्हा काड्याच उरतात, म्हणून मे महिन्यातल्या जोडप्याला बागेचे आश्वासन आधी बाग न पाहता देऊ नये. मांडवाखाली उभे केले तर पानांतून गाळून आलेला उजेड चेहऱ्याला हिरवट करतो आणि अधूनमधून उन्हाचे चट्टे पडतात. जोडप्याला ओळीच्या टोकाशी, मांडवाच्या सावलीत पण मोकळ्या आकाशासमोर उभे करावे, पांढरा रिफ्लेक्टर खालून धरावा आणि बाग मागे लांबवर जाऊ द्यावी. फवारणी कधी झाली, हे बागायतदाराला विचारल्याशिवाय पानांना किंवा घडांना हात लावायला सांगू नये.

संगणकावर आणि अल्बममध्ये

घरी परतल्याबरोबर कार्डावरील फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर कराव्यात आणि तोपर्यंत कार्ड पुन्हा वापरू नये. निवड करताना प्रथम डोळे पाहावेत, मग बाकीचे.

रंगकामाच्या वेळी ‘जरा गोरे करा’ ही मागणी हमखास येते. सावळा चेहरा राखाडी-पांढरा केला की नथीचे सोने निस्तेज होते, मेंदी फिकी पडते आणि मान व हात वेगळ्याच माणसाचे वाटतात. अशा वेळी वाद घालू नये. चेहऱ्यावर उजेड नीट पडलेले एक छायाचित्र मूळ रंगात प्रिंट करून दाखवावे. कुटुंबाला बहुतेक वेळा हवी असते ती स्पष्टता, आणि ती उजेडातून येते. पुटकुळी किंवा जागरणाची काळी वर्तुळे सौम्य करायला हरकत नाही, कारण ती चार दिवसांत जाणारच असतात. तीळ, देवीचा व्रण किंवा गालावरची खळी यांना हात लावू नये.

आपल्याकडचा रूढ अल्बम उघडल्यावर १२ बाय ३६ इंचांचा होतो. जोडपानाच्या मधोमध घडी येते, म्हणून मोठे व्यक्तिचित्र पसरवताना चेहरा एका बाजूच्या १८ इंचांत पूर्ण बसला पाहिजे. १२ बाय १८ च्या उत्तम प्रिंटला ३०० पिक्सेल प्रति इंच या हिशेबाने ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरेसा आहे, पण नंतर फार कातरायला वाव राहत नाही; चौकट टिपतानाच ठरवावी. सगळा अल्बम छापायला देण्यापूर्वी लॅबमधून दोन नमुना प्रिंट काढून घ्याव्यात, एक खिडकीच्या उजेडातली आणि एक स्टेजवरची, आणि त्या दिवसाच्या उजेडात शालूच्या रंगाशी ताडून पाहाव्यात. लाल रंग केशरीकडे सरकला असेल तर चेहरेही सरकलेले असतात, आणि दुरुस्ती त्या दोन प्रिंटवरच करून घेणे स्वस्त पडते.